काकूंच्या घरात कोणाला काय दिसावं : बडोद्यातलं एक प्रकरण

मी बडोद्यात कॅमेरे, वायफाय, दाराची लॉकं असली कामं करते, बरीच वर्षं झाली, त्यातलंच हे एक प्रकरण. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत, आईच्या दांडिया बाजारातल्या शेजारीण, पण आम्ही लहानपणापासून काकूच म्हणत आलो. यावर लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या लिही, पण आधी मला वाचून दाखव, आणि वाचून दाखवल्यावर त्यांनी दोन गोष्टी काढायला लावल्या, त्या काढल्यात. घर नेमकं कुठे, मुलं कुठल्या गावात, हे मी माझ्याकडून वगळलंय.

तर परिस्थिती अशी. काका २०२२ मध्ये गेले. जुना वाडा आधीच विकलेला, त्यामुळे काकू विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही अशा एका सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहतात. मुलगा-सून परदेशात, मुलगी महाराष्ट्रात. सगळं घडलं तेव्हा काकूंचं वय ७८, साखर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात, पण डोकं एकदम खणखणीत, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि बँकेची कामं अजून स्वतःच करतात. डोक्याचं मुद्दाम लिहितेय कारण पुढे त्यावर बरंच काही येऊन थांबतं.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी काकू बाथरूममध्ये घसरल्या. मार फार नव्हता पण उठता येईना, पाऊण तास तशाच बसून राहिल्या, सकाळी कामवाल्या बेन आल्या तेव्हा कळलं. मुलांना धसका बसला आणि तो बसणारच होता, त्यात काही चूक नाही. २०२३ च्या दिवाळीत मुलगा आला तेव्हा त्याने एका फिटरला बोलावून सगळं बसवून घेतलं: हॉलमध्ये कॅमेरा, मुख्य दार, बाथरूमचं दार आणि फ्रिजचं दार यांना चुंबकाचे छोटे सेन्सर, पॅसेजमध्ये आणि किचनमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर, हातात घड्याळ जे माणूस पडलं की मेसेज पाठवतं, आणि कपाटावर तो बोलका स्पीकर. सगळं एका ॲपमध्ये आणि ॲपचं लॉगिन एकच, पासवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकलेला. कोणीही कधीही उघडावं, कितीही वेळ बघावं. काकूंच्या फोनवर मात्र ते ॲप नव्हतं, कारण आईला कशाला ती कटकट.

पहिले दोन महिने सगळे खूश होते. मग एका सकाळी मुलीचा फोन आला, आई काल रात्री अडीच वाजता फ्रिज का उघडला होतास? मुलीने काळजीनेच विचारलं, साखरेचं माणूस, रात्री उठून काय खाल्लं असेल. काकू मला सांगत होत्या, "अगं पन्नास वर्षं त्या घरात मी सगळ्यांना जेवायला घातलं, फ्रिज का उघडलास म्हणून मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." त्या रात्री नक्की काय झालं होतं ते त्यांनी मला सांगितलं, आणि काढायला लावलेल्या दोन गोष्टींपैकी ती एक आहे, म्हणून ती इथे नाही.

दुसरा प्रसंग बेनचा. कॅमेऱ्याला स्पीकर असतो, म्हणजे लांबून बघणाऱ्याला बोलताही येतं. बेन हॉलमध्ये केर काढत होत्या, काकू आत आंघोळीला, आणि अचानक कॅमेऱ्यातून सुनेचा आवाज आला की सोफ्याखालचं राहिलंय. सुनेच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला वाटलं काकू तिथेच आहेत. पण बेनच्या हातातला झाडू खाली पडला आणि काकू बाहेर येईपर्यंत त्या भिंतीकडे बघत तशाच उभ्या, "बा, आ भींतमांथी कोण बोल्युं?" पुढचे दोन दिवस बेन कामावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा हॉलचं काम डोक्यावर पदर घेऊन, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

आणि मग काकूंनी हळूहळू घर बदललं. कोणाशी भांडल्या नाहीत. आरामखुर्ची कॅमेऱ्याच्या बाजूने पलीकडच्या कोपऱ्यात नेली जिथे उजेड कमी आणि पंख्याचं वारंही नीट लागत नाही. गुरुवारच्या भजनाच्या बायका हॉलमध्ये बसायच्या त्या किचनमध्ये प्लास्टिकच्या स्टुलांवर बसायला लागल्या, मग येणंच कमी झालं. घड्याळ काढून देवघरात ठेवलं, चार्जिंगला लावायचं राहिलं असं फोनवर सांगायच्या.

हे घड्याळाचं ऐकलं तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. १९९० च्या आसपास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टी कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉय वाँट आणि त्याच्या साथीदारांनी ॲक्टिव्ह बॅज बनवला होता, छातीवर लावायचा बिल्ला, दर पंधरा सेकंदांनी इन्फ्रारेडचा एक छोटा सिग्नल सोडायचा आणि कोण कुठल्या खोलीत आहे ते ऑफिसला कळायचं, म्हणजे फोन आला तर तो जवळच्या फोनवर फिरवता यावा. आणि ज्याला नको असेल त्याने काय करायचं, तर बिल्ला काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. पस्तीस वर्षांनी बडोद्यात काकू तेच करत होत्या, ड्रॉवरऐवजी देवघर. माझं मत असं की जिथे माणसाला लपायला उपकरण काढूनच ठेवावं लागतं तिथे ती यंत्रणा बनवणाऱ्याने अर्धंच काम केलंय, कारण मग नको ते आणि हवं ते दोन्ही एकदम बंद होतं. पडल्यावर मेसेज गेलेला काकूंना हवाच होता. हातात सदान्‌कदा पहारा नको होता. घड्याळाला या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नव्हत्या.

१९९१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझरने लिहिलं होतं की पुढे कॉम्प्युटर घरादारात असे विरून जातील की ते आहेत हे जाणवणारही नाही. त्यालाही तेव्हाच कळत होतं की यातला मोठा प्रश्न खाजगीपणाचा असणार. कॉम्प्युटर टेबलावर होता तोवर गोष्ट सोपी होती, पासवर्ड ज्याच्याकडे तो बघणार. आता दारात, फ्रिजला, मनगटावर आहे तर नुसता पासवर्ड पुरत नाही. कोण बघतंय, काय बघतंय, कधी, किती बारकाईने, आणि ज्याचं बघतायत त्याला ते कळतंय का, एवढं सगळं एका वेळी ठरवावं लागतं. काकूंच्या घरी यातलं काहीच ठरलं नव्हतं, फक्त पासवर्ड होता.

मग आला ऑगस्ट २०२४. बडोद्यातल्या कोणाला सांगायला नको. २६ तारखेला जन्माष्टमी, पाऊस थांबायचं नाव घेईना, आजवा सरोवराचं पाणी आलं आणि विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. संध्याकाळी काकूंच्या दारात पाणी आलं तेव्हा वरच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब खाली येऊन त्यांना हाताला धरून वर घेऊन गेलं. नंतर लाइट गेले, वायफाय गेलं, फोनची बॅटरी संपली. मुलांच्या ॲपवर शेवटची नोंद होती किचनमध्ये हालचाल, ५ वाजून ४० मिनिटं, आणि त्यानंतर काहीच नाही. दीड दिवस काहीच नाही. मुलगा कंट्रोल रूमला फोन लावत बसला, मुलीने फेसबुकवर मदत मागितली, त्यात टीव्हीवर सोसायट्यांमध्ये शिरलेल्या मगरी दाखवत होते. काकू वरच्या मजल्यावर खिचडी खाऊन त्यांच्या नातवाला गोष्टी सांगत होत्या. वरच्यांचा नंबर तिघांपैकी एकाकडेही नव्हता. काकू रात्री किती वाजता फ्रिज उघडतात ते कळत होतं, पण शेजारी कोण राहतं ते माहीत नव्हतं, हे मुलगा नंतर स्वतःच मला म्हणाला आणि त्याचा आवाज भरून आला होता.

पाणी ओसरल्यावर राउटर गेला म्हणून मला बोलावलं. कॅमेरा उंचावर असल्यामुळे वाचला होता. घड्याळ देवघरातच होतं, देवघर जमिनीलगतचं, त्यामुळे ते गेलं.

नवा राउटर लावून ॲप उघडलं तर कॅमेऱ्याचा मालक म्हणून जो नंबर दिसला तो मुलाचा नव्हताच. फिटरचा होता. असं पुष्कळ ठिकाणी होतं, आमच्या धंद्यातली ही वाईट सवय आहे, डब्यावरचा क्यूआर कोड फिटर स्वतःच्या फोनने स्कॅन करतो, उपकरण त्याच्या खात्याला बांधलं जातं, मग घरच्यांना तो पाहुणे म्हणून जोडून देतो आणि आपलं नाव काढायला विसरतो. दहा महिने एका तिऱ्हाईत माणसाच्या फोनमध्ये काकूंचा हॉल उघडत होता. त्याने बघितलं असं मी म्हणत नाही. बघितलं नाही असंही म्हणता येत नाही, कारण कोणी कधी उघडून बघितलं याची नोंदच ते ॲप ठेवत नव्हतं. बाथरूमचं दार किती वेळा उघडलं ते सेकंदासकट लिहिलेलं, आणि बघणाऱ्याची एक ओळ नाही. ते बघितलं तेव्हा माझं डोकं फिरलं, अजूनही फिरतं. ज्याच्यावर नजर आहे त्याचं सगळं नोंदवायचं आणि नजर ठेवणाऱ्याचं काहीच नाही, हा उलटा हिशोब आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक घरांत इथेच फसगत होते. लोकांना वाटतं कॅमेरा तेवढा धोक्याचा, बाकी सेन्सर काय, दार उघडलं-बंद झालं एवढंच तर सांगतात. मी काकूंना त्यांच्याच दहा महिन्यांच्या नोंदी दाखवल्या, त्यांचा चष्मा पुसून दिला आणि टेबलावर लॅपटॉप ठेवला. बाथरूमच्या दाराची आणि पॅसेजची नोंद शेजारी शेजारी ठेवली की रात्री किती वेळा उठणं झालं ते दिसतं, फेब्रुवारीत एक आठवडा ते एकदम वाढलेलं, काकू म्हणाल्या हो तेव्हा मला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, मी कोणाला बोलले नव्हते. किचनमध्ये दुपारपर्यंत हालचाल नाही म्हणजे उपास. गुरुवारी मुख्य दार किती वेळा उघडलं त्यावरून किती जणी आल्या. नवऱ्याच्या तिथीच्या आदल्या रात्री झोप लागली नव्हती तेही दिसत होतं. त्यात एक चित्र नव्हतं, एक शब्द नव्हता, नुसत्या वेळा. काकूंनी लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला.

विजेच्या मीटरचंही तसंच आहे. अमेरिकेत एमआयटीच्या जॉर्ज हार्टने १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की घरात एकूण वीज किती जाते याच्या चढउतारावरून आत कुठलं यंत्र चालू झालं ते ओळखता येतं. मे २०२४ मध्ये बडोद्यात स्मार्ट मीटरवरून केवढा गदारोळ झाला, मोर्चे निघाले, पण ते बिलावरून, आणि बिलाचा राग खरा होता, तरी मीटरमधून घराची दिनचर्याही बाहेर जाते हे त्या वेळी मी आमच्या भागात तरी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

मग मी काकूंसमोर वही घेऊन बसले. आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी विचारलं, काकू, तुमचं काय काय कोणाला कळलेलं चालेल? थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी उठले, धडधाकट आहे, एवढं तिघांना रोज कळू दे. पडले तर सगळ्यांना कळू दे, तुलासुद्धा. रात्री किती वेळा उठते ते डॉक्टरांना मी सांगीन, कागदावर काढून दे मला, मी घेऊन जाईन. काय खाल्लं, कोण आलं, कधी रडले, ते माझं मी बघीन." मी बरीच वर्षं तांत्रिक लेख वाचते, पण कोणाला काय कळावं याची इतकी स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे सापडली नाही.

यावर आधी काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात अवेअर होम म्हणून एक घरच प्रयोगासाठी बांधलं होतं, आणि तिथल्या एलिझाबेथ मायनॅट आणि मंडळींनी २००१ मध्ये एक कल्पना मांडली ती मला फार आवडते. लांब राहणाऱ्या मुलाच्या भिंतीवर आईचा फोटो, फोटोभोवती चौकट, चौकटीत फुलपाखरं, एकेका दिवसाचं एकेक, २८ दिवसांची. आईची त्या दिवशी हालचाल नेहमीसारखी असेल तर फुलपाखरू मोठं, कमी असेल तर लहान. बस्स. मुलाला जाता येता कळतं की आईचं बरं चाललंय, आणि ती अडीच वाजता कुठे होती ते कळत नाही. तिथल्याच लोकांनी असंही मांडलं होतं की परवानगी माणसाच्या नात्याबरोबर परिस्थितीलाही बांधावी, म्हणजे एरवी जे दार बंद ते आणीबाणीत उघडेल. या दोन गोष्टी घेऊन मी काकूंच्या घरी काम केलं.

प्रत्यक्षात असं केलं. कंपनीचं ॲप काढून टाकलं. एक रास्पबेरी पाय घेतला, तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यावर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर टाकलं जे फुकट आहे आणि घरातल्या घरात चालतं. सेन्सर झिग्बी या वायरलेस पद्धतीचे घेतले म्हणजे ते थेट त्या कॉम्प्युटरच्या डब्याशी बोलतात, बाहेरच्या सर्व्हरला काही जात नाही. कॅमेऱ्याला राउटरवरून इंटरनेट बंद केलं. डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस आणि एक सिमवाला डोंगल, पुराचा अनुभव होता म्हणून, आणि हे सगळं कपाटाच्या वरच्या फळीवर. होम असिस्टंट मुळात दहा दिवसांच्या नोंदी ठेवतं, ते मी दोन दिवसांवर आणलं, त्यानंतर पुसल्या जातात. रात्री उठण्याचा फक्त आकडा वेगळा राहतो, तो काकूंच्या नावाने, महिन्याला एक कागद निघतो.

मुलांना लॉगिन दिलंच नाही. त्यांना रोज नऊ वाजता मेसेज जातो, "आज ठीक". साडेआठपर्यंत घरात हालचाल झाली नाही तर आधी घरातच घंटी वाजते, काकूंनी देवघराजवळचं हिरवं बटण दाबलं की विषय संपला. नाही दाबलं तर वरच्या मजल्यावर फोन, चावी त्यांच्याकडे आहे. त्यानंतर मुलं. आणि मुलांना एरवी कधी जीव घाबरा झाला तर त्यांच्या फोनवर एक बटण दिलंय, काळजी वाटतेय. ते दाबलं की काकूंच्या हॉलमधला पिवळा दिवा लागतो आणि घंटी वाजते, दहा मिनिटांत काकूंनी हिरवं दाबलं तर "ठीक आहे" असा मेसेज जातो, नाही दाबलं तर वर फोन, तिथेही कोणी उचलला नाही तरच कॅमेऱ्याच्या सॉकेटला वीज मिळते आणि ज्याने बटण दाबलं त्याला दहा मिनिटं हॉल दिसतो. एरवी कॅमेऱ्याची वीजच बंद. आणि बघितलं की काकूंच्या फोनवर लगेच मेसेज, कोणी, कधी, किती वेळ.

दहा मिनिटांवरून बरीच रस्सीखेच झाली. व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला दहा मिनिटं फार होतात, आई पडली असेल तर? त्याला तीन हवी होती. काकू म्हणाल्या मला गुडघे घेऊन बाथरूममधून यायला पंधरा लागतात. मला वाटलं होतं सून मुलाची बाजू घेईल, पण ती म्हणाली, मला कोणी माझ्या घरात असं न सांगता बघितलेलं चालणार नाही, मग आईंना का चालावं. त्यानंतर दहावर जमलं. पडण्याचा प्रश्न घड्याळाने सोडवला, नवं घेतलं, त्यातलं लोकेशन आणि नाडी वगैरे बंद करून फक्त पडल्याचा मेसेज चालू ठेवला. काकू ते आता घालतात.

बेनना वेगळं बसवून विचारलं. घर त्यांचं नाही पण दिवसाचे दोन तास त्याही त्याच सेन्सरांखाली असतात, आणि अशा कामांत हे हमखास राहून जातं. त्यांचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं, भिंतीतून आवाज यायला नको आणि मी किती वाजता आले ते परदेशात कळायला नको, बांना कळतंय तेवढं पुरे. कॅमेऱ्याचा स्पीकर बंद केला, मुख्य दाराची वेळ कोणालाच जात नाही.

बोलका स्पीकर राहिला कारण काकूंना त्यावर सकाळी अभंग लागतात. पण त्याचं खातं मुलाच्या नावावर होतं, म्हणजे काकू त्याला जे काही सांगायच्या त्याचं रेकॉर्डिंग मुलाला खात्यात जाऊन ऐकता आलं असतं. त्याने कधी ऐकलं नव्हतं, त्याला हे माहीतही नव्हतं. खातं काकूंच्या नावावर केलं, आधीचं सगळं पुसलं, आणि तो आता बटणाच्या सॉकेटवर आहे, अभंग संपले की बंद.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बरंचसं टप्प्याटप्प्याने लागू होणार. पण त्या कायद्यातच लिहिलंय की एखादा माणूस स्वतःच्या घरगुती कामासाठी डेटा वापरत असेल तर त्याला हा कायदा लागत नाही. म्हणजे कंपनीला कायदा लागतो, मुलाला, मुलीला नाही. मला ते बरोबर वाटतं, घराघरांत सरकार नको. पण म्हणूनच घरात बसून ठरवणं टाळता येत नाही, काकूंच्या हॉलमध्ये काय दिसावं ते दुसरं कोणी ठरवून देणार नाहीये.

जुन्या कंपनीकडचं पुसून घ्यायला चार महिने लागले. आम्ही मेल केला तर उत्तर आलं की नोंदी पुसायचा अधिकार फक्त मालक खात्याला. मालक खातं फिटरचं. तो तोवर नोकरी सोडून सुरतेला गेलेला, शेवटी सापडला, चांगला मुलगा होता, सुटीत आला तेव्हा माझ्यासमोर खातं उघडून त्याने ते सोडलं आणि काकूंच्या पाया पडला. त्या दिवसापासून मी माझ्या कुठल्याही कामात क्यूआर घरच्या माणसाच्या फोननेच स्कॅन करते, त्यांना चष्मा सापडेपर्यंत थांबते.

आता चाललंय कसं. एकदा काकू पहाटेच मैत्रिणींबरोबर कमाटीबागेत फिरायला गेल्या आणि घंटी उगाच वाजली, वरच्या वहिनी तशाच पीठ माखल्या हातांनी खाली धावल्या. तेव्हापासून बाहेर जाताना दाराजवळचा एक स्विच पाडायचा असं ठरवलं, तो काकू कधी कधी विसरतात. एकदा खरंच ताप होता, उठल्या नाहीत, हिरव्या बटणापर्यंत हात पोचला नाही, साडेआठनंतर दहा-बारा मिनिटांत वरचे चावी घेऊन आत आले, डॉक्टर आले, मग मुलांना कळलं. कॅमेरा उघडायची वेळ आली नाही.

कॅमेरा आजवर एकदाच उघडला. उत्तरायणाच्या दिवशी, वरचं कुटुंब गच्चीवर, फोन खाली घरात, मुलाने बटण दाबलं, कोणी हिरवं दाबलं नाही, आणि त्याला रिकामा हॉल दिसला, खुर्ची परत पंख्याखाली आलेली. काकू गच्चीवरच होत्या, पतंग बघत. खाली आल्यावर फोनवर मेसेज, मुलगा, दुपारी ३ वाजून १२ मिनिटं, चार मिनिटं बघितलं. त्यांनी लगेच त्याला फोन लावला, अरे गच्चीवर होते, तिळगूळ घे म्हणून, आणि तो म्हणाला आई मी घाबरलो होतो. दोघं बराच वेळ बोलले. तो आता दिवसातून पंधरा-वीस वेळा ॲप उघडत नाही, उघडायला ॲपच नाही, त्याऐवजी फोन करतो.

एक गोष्ट राहते आणि ती सगळ्यात अवघड आहे. हे सगळं काकूंचं डोकं शाबूत आहे यावर उभं आहे, हिरवं बटण दाबणं, नाही म्हणणं, फोनवरचे मेसेज बघणं. उद्या विसरायला लागलं तर? हा प्रश्न मी काढला नाही, त्यांनीच काढला, त्यांच्या मोठ्या बहिणीचं तसं झालं होतं. आम्ही एक कागद केला. विसरणं वाढलंय असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्यानंतर मुलीला दाराची वेळ आणि रात्रीचा आकडा रोज कळेल, मुलाला कॅमेरा पाच मिनिटांत उघडता येईल, बेडरूममध्ये मात्र काहीही कधीच बसवायचं नाही, काकूंच्या शब्दांत, "मी कोणाला ओळखत नसले तरी नाही." खाली काकूंची सही, तिन्ही मुलांची म्हणजे सुनेसकट, आणि वरच्या वहिनींची. दर दिवाळीत मी फराळाला जाते तेव्हा तो कागद बँकेच्या पासबुकातून निघतो आणि काकू तो पुन्हा सगळा वाचतात. गेल्या दिवाळीत त्यांनी एक ओळ खोडली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली, पेन माझं होतं, हात थोडा थरथरत होता पण अक्षर तेच, शाळेतल्यासारखं गोल. कुठली ओळ खोडली आणि काय लिहिलं, ती काढायला लावलेली दुसरी गोष्ट.